कोणती पिशवी?

माझ्या मुलाचं ठरत आलेलं लग्न एका वाटीमुळं मोडायला निघालं होतं.

वाटी आमचीच होती. म्हणून तर सगळा घोटाळा झाला!

आधी त्या वेळच्या माझ्याबद्दल सांगते. आता मी आजी झालेय, त्यामुळं त्या बाईची बाजू घ्यायचं काही कारण उरलेलं नाही. नवीन जालन्यात स्टेशनसमोर मी रिक्षाला हात केला की रिक्षावाले आभाळाकडं बघायचे. एकानं तर तोंडावर सांगितलं, "काकू, बसा, पण बराबर मधी बसा. मागच्या टायमाला तुम्ही कडंला बसल्ता अन् वळणावर माझं एक चाक हवेत गेल्तं!" घरात मात्र माझी ख्याती अशी, की ही बाई सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवते. खरंच होतं ते. फक्त त्याआधी भाकरी नीट भाजली का, ठेच्यात मीठ पडलं का, भजी आतून कच्ची तर राहिली नाहीत ना, एवढं बघून व्हायचं. (त्याला जेवण म्हणत नाहीत. ती तपासणी!) त्या तपासणीत माझे गुडघे गेले, साखर वाढली, आणि शेवटी संभाजीनगरच्या मोठ्या डॉक्टरांनी हात टेकले. म्हणाले, "बाई, आता पोटाची पिशवीच लहान करावी लागंल."

ऑपरेशन झालं. घरी आले. गल्लीतल्या बाया भेटायला आल्या.

"कशाचं हो ऑपरेशन?"

"पिशवीचं," मी म्हणाले.

सगळ्यांनी एकदम समजून माना हलवल्या. कुणी पुढं काही विचारलं नाही. मला वाटलं, आमची गल्ली किती शहाणी! समोरची मंदाबाई तेवढी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बरं झालं बाई, मिटली एकदाची दर महिन्याची कटकट."

"दर महिन्याची?" मी म्हणाले. "माझी तर दर तासाची होती!"

मंदाबाईनं तोंडाला पदर लावला आणि डोळ्यात पाणी आणून माझ्याकडं बघत राहिली. किती सोसलं या बाईनं, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मीही तिच्याकडं तसंच बघितलं. दोघींनाही काही कळलेलं नव्हतं, पण भेट फार छान झाली.

दवाखान्यात एक डाएटवाली पोरगी होती. तिनं मला घरी सोडताना समोर बसवून सांगितलं होतं, "काकू, ऑपरेशन हे नुसतं हत्यार आहे. ते चालवायचं तुम्हाला. सवयी लावल्या नाहीत तर वजन पुन्हा येतं." मी बाकी सगळं विसरले, 'हत्यार' तेवढं लक्षात ठेवलं आणि घरी आल्यावर स्वतःला सज्ज केलं. पर्समध्ये एक छोटी स्टीलची वाटी. खाणं त्या वाटीएवढंच. एक छोटा चमचा, लहान पोरांना मध चाटवायचा असतो तसला. आधी डाळ, अंडं, मग बाकीचं. घास तोंडात पार पीठ होईपर्यंत चावायचा आणि तोवर चमचा खाली ठेवायचा. खाण्याआधी अर्धा तास पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. गोडाकडं तर बघायचंसुद्धा नाही. आणि पोटानं 'बास' म्हटलं की बास.

आता माझं पोट 'बास' म्हणतं हे मला ऐकू कसं यावं? इतकी वर्षं आमचं बोलणंच नव्हतं! मग आमच्या सिद्धार्थनं, म्हणजे सिदूनं, तोड काढली. माझ्या मोबाईलमध्ये त्यानं स्वतःच्या आवाजात भरून दिलं, "आई, बास झालं! ऊठ आता!" पहिला घास घेताना बटण दाबायचं, वेळ संपली की मोबाईल ओरडायचा. तो ओरडला की मी उठायची, आणि भांडी घासायची पाळी ह्यांची असल्यामुळं हेही उठायचे.

मी नवा धर्म घेतल्यासारखी वागायला लागले. ह्यांना समोर बसवून म्हणायची, "अहो, चावा! अजून चावा!"

"अगं, मी ताक पिऊन राह्यलो!"

"मंग ताक चावा!"

या अशा दिवसांत सिदूचं स्थळ आलं. स्थळ वडीगोद्रीचं. मुलगी प्रज्ञा. वडील दादाराव, हायवेला लागून त्यांचं पाईपचं दुकान, ठिबक, टाक्या, मोटारी सगळं काही, आणि दुकान खरं चालवायची प्रज्ञाच. सिदू बियाण्याच्या कंपनीत, त्यामुळं शेतांवर लावलेले प्लॉट बघायला त्याचं तिकडं जाणं व्हायचं. तिशी ओलांडलेला पोरगा. आधी आलेली स्थळं नको नको म्हणून परत पाठवलेली. हे स्थळ आलं आणि लगेच म्हणाला, "बघून तर येऊ." मला नवल वाटलं. मग एक दिवस झाडताना त्याच्या पलंगाखाली पिशवी सापडली (ही साधी पिशवी, कापडाची), आणि तिच्यात पाईपचे एल्बो! वाकडे तुकडे असतात ना पाईप जोडायचे, ते. इतके, की आमच्या घराचा सगळा नळ वाकडा करून टाकता आला असता.

"हे कशाला रे?"

"लागतात," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

तेव्हा मला कळलं की पोरगं किती खोल पाण्यात आहे. हे स्थळ हातचं गेलं तर याचं काही खरं नव्हतं.

गाडीत बसताना सिदू म्हणाला, "आई, फक्त नीट वाग."

"म्हंजे?"

"म्हंजे तुझ्या नियमानं नको."

मी मनात म्हटलं, हीच तर वेळ आहे, परीक्षेची! अंबड ओलांडलं आणि माझी खायची वेळ झाली. गाडीतच उकडलेलं अंडं काढलं, पीठ होईपर्यंत चावलं. म्हणजे आता अर्धा तास पाणी बंद. आणि वडीगोद्री अर्ध्या तासाच्या आत आली.

घर दुकानाच्या मागंच. भिंतीवर दोन फोटो, आमच्या घरी असतात तेच दोन. जयभीम झाला. खुर्चीत प्रज्ञाचे आजोबा बसलेले, रिटायर शिक्षक, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. प्रज्ञाची आई पाण्याचा ट्रे घेऊन आली.

"घ्या ताई, पाणी."

"नको."

"अहो, उन्हातून आलात. घोटभर तरी."

"आत्ता न्हाई चालत."

मी फक्त वेळेबद्दल बोलत होते हो! पण गुरुजी खुर्चीत सरळ झाले.

"चालत न्हाई?" ते सावकाश म्हणाले. "बाई, पाण्यासाठी आपल्या बापजाद्यांनी काय काय सोसलं. अन् आज आपल्याच माणसाला आपल्याच घरचं पाणी चालत न्हाई?"

मी घड्याळाकडं बघितलं, अर्धा तास अजून झाला नव्हता. हे मात्र धावून आले. "मी घेतो! मी घेतो!" म्हणत ह्यांनी आपला ग्लास संपवला, मग माझा संपवला, मग सिदूचाही उचलला. अर्धं पाणी सदऱ्यावर. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण ह्यांना खुलासा करायची हौस.

"त्याचं असं हाय, तिचं ऑपरेशन झालंय. पिशवीचं."

प्रज्ञाच्या आईचा चेहरा लोण्यासारखा झाला. "अगं बाई! मंग माझं बी झालंय की! आधी न्हाई का सांगायचं? पण ताई, मला तर डॉक्टरनं पाणी भरपूर प्यायला सांगितल्तं."

"मला खाण्याच्या आगंमागं बंद हाय."

"पण पिशवीचा अन् खाण्याचा काय संबंध?"

"असं कसं? सगळा संबंध पिशवीचाच की!"

तिनं गुरुजींकडं बघितलं. गुरुजींनी दादारावांकडं बघितलं. तिघांच्या नजरा एकच सांगत होत्या, की बाई कारणं काढून राह्यली. आणि मला वाटत होतं, या माउलीच्या पोटाचंही माझ्यासारखंच ऑपरेशन झालंय आणि तरी ही एवढी अंगानं भरलेली कशी? हिनं सवयी लावल्या नसणार! (हे मी बोलले नाही. अगदी ओठावर आलं होतं.)

मग पोहे आले. ताटलीत असे रचलेले, की पलीकडचा माणूस दिसू नये. वर शेंगदाणे, कोथिंबीर, लिंबाची फोड. सोबत वाडगाभर खीर. मी गोड हसले, पर्स उघडली आणि आतून माझी वाटी आणि चमचा काढला.

"माझं मी यात घेते थोडं."

दादाराव म्हणाले, "ताई, ताटल्या नव्या काढल्यात. बिलकुल कोऱ्या."

"असू द्या. मला ह्याच्यातच लागतं."

गुरुजी खुर्चीतून उठले. उठले आणि गुडघ्यामुळं परत बसले, पण उठले होते हे सगळ्यांनी पाहिलं. "स्वतःचं भांडं?" एवढंच म्हणाले.

माझ्या आजीचं भांडं लोकांच्या अंगणात वेगळं ठेवलेलं असायचं. कुंपणाच्या खांबाला, पालथं. ती ते भांडं आयुष्यभर विसरली नाही. आणि तिची ही शहाणी नात आपल्याच माणसाच्या घरात, आपल्याच दोन फोटोंखाली, पर्समधून वाटी काढून बसली होती! पण हे सगळं मला घरी परत जाताना सुचलं. त्या वेळी माझं लक्ष कुठं असावं? पोह्यांत अंडं नाही, डाळ नाही, मग आधी शेंगदाणा खावा का, या विचारात मी होते.

बटण दाबलं. शेंगदाणा तोंडात टाकला. चमचा खाली ठेवला. चावायला सुरुवात केली.

तेवढ्यात प्रज्ञा आली. साधी, शांत, हाताला पाईप चिकटवायच्या सोल्युशनचा वास. समोर बसली. सिदूचे कान लाल.

"विचारा ताई, काय विचारायचं ते," दादाराव म्हणाले.

मी मान हलवली. तोंडात शेंगदाणा होता, त्याचं अजून पीठ झालं नव्हतं. मी भिंतीकडं बघत चावत राहिले. सगळे माझ्याकडं बघत राहिले. शेंगदाणा संपला. मग पोह्यांचा घास. मग पुन्हा चमचा खाली. पुन्हा भिंत. प्रज्ञाची आई दर घासाला माझ्या चेहऱ्याकडं बघून विचारी, "तिखट झालं का? खारट झालं का?" आणि मी नुसतं बोट वर करून 'थांबा' असं दाखवी. मधे हे हवापाण्याचं बोलले, सिदू कंपनीचं बोलला, मोसंबीच्या बागांचं झालं, आणि मी चावतच होते. गुरुजींनी तर माझ्याकडं बघणंच सोडून दिलं.

शेवटी तो घास संपला. मी प्रज्ञाकडं वळले. प्रेमानं विचारायला तोंड उघडलं, "बाळा..."

आणि पर्समधून सिदूचा आवाज आला, खणखणीत:

"आई, बास झालं! ऊठ आता!"

सगळ्यांनी सिदूकडं पाहिलं. सिदूचं तोंड मिटलेलं होतं. आणि आमचे हे, सवयीनं, ताटली हातात घेऊन उठून उभे राहिले!

"ठीक हाय," दादाराव म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू झाला की तो ऐकून मला जास्त भीती वाटली. "पसंत न्हाई तर न्हाई. सरळ सांगायचं. एवढी नाटकं कशाला? पाणी न्हाई, आमचं भांडं न्हाई, अन् वरून मोबाईलमधून निरोप!"

सिदू माझ्याकडं बघत होता. रागानं बघितलं असतं तर चाललं असतं. पण तो लहानपणी जत्रेत फुगा फुटल्यावर बघायचा तसा बघत होता. मला पलंगाखालचे ते सगळे एल्बो आठवले.

मग मी तेच केलं, जे ती जुनी बाई घाबरल्यावर नेहमी करायची. खाल्लं!

"कोण म्हणतं पसंत न्हाई? पसंतच हाय!" म्हणत मी खिरीचा वाडगा उचलला आणि एका दमात रिकामा केला. मग पाण्याचा तांब्या उचलला, वरून धार धरली आणि अर्धा संपवला. "हे बघा पाणी! हे बघा तुमचं भांडं! झालं?"

"आता कसं!" गुरुजी खुश झाले. प्रज्ञाच्या आईनं वाडगा पुन्हा भरला. मी तोही खाल्ला. जल्दी जल्दी. लग्न वाचवत होते ना!

लग्न वाचलं, पण मी गेले. जरा वेळात घाम फुटला. छातीत कुणीतरी ट्रॅक्टर चालू करून सोडून दिल्यासारखं झालं. छताचा पंखा खाली यायला लागला. मी बसल्या जागी कलंडले.

मग जो गोंधळ झाला! "खिरीत काय घातलं?" दादाराव ओरडले. "दूध नासकं होतं का?" गुरुजी. "मी बी तीच खीर खाल्ली, मला काय झालं?" प्रज्ञाची आई रडायला लागली. "अन् पिशवीच्या ऑपरेशननं असं होतच न्हाई! मी तर टाके ओले असताना भाकरी थापत होते!" हे मला वारा घालत होते, तेही त्याच ताटलीनं, त्यामुळं माझ्या अंगावर पोहे पडत होते. सिदू गाडीची किल्ली शोधत होता, ती त्याच्या हातातच होती.

आणि या सगळ्यात प्रज्ञा शांतपणे माझ्याशेजारी येऊन बसली आणि दुकानात गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं,

"काकू, कोणती पिशवी?"

इतके महिने झाले, हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता! मी पोटावर हात ठेवला. "जेवणाची."

"जेवणाची पिशवी काढली?" तिची आई किंचाळली. "मंग जेवण जातं कुठं?"

"काढली न्हाई आई, लहान केली. असंच ना काकू?"

मी मान हलवली. आणि तिथं पडल्यापडल्याच मला मंदाबाई आठवली, तिची 'दर महिन्याची कटकट' आठवली, आमच्या सगळ्या शहाण्या गल्लीच्या हललेल्या माना आठवल्या. कोणती पिशवी गल्लीच्या डोक्यात होती ते आत्ता माझ्या डोक्यात आलं! मला हसू फुटलं. हसले की पोट दुखे, आणि पोट दुखलं की सगळ्यांना वाटे, आता ही गेली.

प्रज्ञा वडिलांकडं वळली. "पप्पा, असं समजा. ह्यांची हजार लिटरची टाकी काढली अन् तिथं शंभरची बसवली. पाईप तोच. अन् आपण वरून मोटार फुल्ल सोडून दिली."

"अरे!" दादारावांनी कपाळावर हात मारला. ऑपरेशन, पिशवी, पाणी, काहीही त्या माणसाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. टाकी मात्र थेट आत गेली. "मंग उतू जाणारच की! सांगायचं ना आधी!"

"म्हणून पाणी अन् खाणं बरोबर चालत न्हाई. जागाच न्हाई तिथं. अन् गोड एकदम खाली उतरलं की असा घाम फुटत असंल. असंच ना काकू? पडून ऱ्हा. बसंल ते."

"अन् वाटी?" गुरुजी म्हणाले. अजून त्यांचं समाधान झालं नव्हतं.

"टाकीचं माप, आबा."

गुरुजींनी ती वाटी हातात घेतली. आत बघितलं, पालथी करून बघितली, परत सुलटी ठेवली. "हं," ते म्हणाले. मग सुनेकडं बघून, "मला बी असली एक आण. साखर हाय माझ्या रक्तात, अन् तू ताटल्या रचून राह्यली माझ्यापुढं!"

थोड्या वेळानं माझ्या छातीतला ट्रॅक्टर बंद झाला. मी उठून बसले आणि पहिली गोष्ट ही केली, की गुरुजींच्या पाया पडले. म्हणाले, "गुरुजी, पाण्याचं राहिलंय. अर्धा तास झाला की तुमच्या हातानं घेईन." अर्धा तास झाल्यावर ते स्वतः उठून, त्या गुडघ्यांनी, तांब्या घेऊन आले. मी घोट घोट घेत ते पाणी संपवलं. इतकं गोड पाणी मी पुन्हा प्यायले नाही.

"पोरी, तुझं काय मत?" दादारावांनी विचारलं.

प्रज्ञानं सिदूकडं पाहिलं. "एवढे एल्बो नेले. बसवले कुठं?"

"कुठंच न्हाई," सिदू म्हणाला.

"परत घेणार न्हाई. आधीच सांगते."

तोच होकार होता. आमच्या घरात फक्त ह्यांना कळला नाही, गाडीत बसल्यावर विचारत होते, "मंग पोरीचं काय म्हणणं पडलं?"

लग्नात मी माझ्या वाटीत जेवले, शेजारी गुरुजी त्यांच्या वाटीत. लोकांना वाटलं, दोन्ही घरांची काहीतरी रीत असेल. एक-दोघांनी आपल्याही मुलीच्या लग्नात तशा वाट्या मांडल्या म्हणे.

सून घरात आली आणि माझी सगळी हत्यारं तिनं तपासली. वाटी ठेवली, चमचा ठेवला, मोबाईलमधला सिदूचा आवाज काढून टाकला. "आई, दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आधी सांगायचं, मंग वाटी काढायची," एवढीच तिची अट. आणि संध्याकाळी मला हात धरून चालायला न्यायची, वेळ ठरलेली.

तरी मधे एकदा वजन हळूहळू चढायला लागलं. मी शपथेवर सांगत होते, की वाटीबाहेर एक घास खाल्ला नाही. प्रज्ञा म्हणाली, "आई, टाकी लहान हाय, पाईप बराबर हाय. म्हंजे कुठंतरी नळ उघडा राह्यला. थेंब थेंब चालू हाय." तिनं शोध घेतला. नळ सापडला कढईजवळ. मी भजी तळताना तिथं उभी असायची, तपासणीला! त्या दिवसापासून भजी सिदू तळतो. वाईट तळतो. त्यामुळंही माझं वजन आटोक्यात आहे.

परवा माझ्या नातीनं, प्रज्ञाच्या लेकीनं, भातुकली मांडली. माझी ती जुनी वाटी तिनं खेळात घेतली आहे. तीच वाटी माझ्यापुढं ठेवली, रिकामी.

"आजी, घे. खीर हाय."

मी शहाण्यासारखा चमचा उचलला, हवेचा घास घेतला, पीठ होईपर्यंत चावला, चमचा खाली ठेवला. नातीनं कमरेवर हात ठेवून अगदी आईच्या सुरात विचारलं, "पोट भरलं का, आजी?"

इतकी वर्षं झाली. पिशवी लहान झाली, सवयी लागल्या, सगळं काही झालं. आणि मी त्या रिकाम्या वाटीकडं बघत काय म्हणाले असेन?

"अजून जरा वाढ गं. साखर बराबर पडली का, तेवढं बघते!"